सिस्टरांच्या भिंतीवरचं वावर

पगारे सिस्टर माणसांना नावाने ओळखत नसत, दुखण्याने ओळखत. आमच्या सातपूरच्या कॉलनीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि मी नेमकी त्यांच्या वरच्या मजल्यावर. मी राहायला आले त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत असताना त्यांनी माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर तोंड कडू होतं का गं?" होत होतं. तेव्हापासून मी 'पित्त' झाले. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त पोस्टमास्तर 'डावा गुडघा' होते, किराणावाल्याची बायको 'बीपी'. राग कोणालाच यायचा नाही. कारण कधीही दार वाजवा, सिस्टर दार उघडायच्या तेव्हा त्यांच्या पायात चपला असायच्या. आधी "काय झालं" आणि मग चपला, असं त्यांनी कधी केलं नाही.

सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं एकदा कोणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "ड्यूटी बदलून मिळाली नाही." यापुढे विचारायची सोय नव्हती. बोलणं असं तुटक. कोणी रडत आलं की आधी खुर्ची पुढे करायच्या. "रडायचं तर बसून रड. उभ्याने चक्कर येते." त्यात दटावणी नसायची, सूचना असायची. माझे सासरे गेले तेव्हा आमच्या घरात जमलेल्या सगळ्या बायकांना त्यांनी एकेक करून बसवलं होतं, साखर-मिठाचं पाणी पाजलं होतं, आणि मग स्वतः स्वयंपाकघरात जाऊन आमच्या गॅसवर खिचडी टाकली होती. कुकरची शिट्टी ऐकून एक नातेवाईक बाई पुटपुटल्या, तशा सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरं उपाशी आहेत. तुम्ही नका खाऊ."

त्यांच्या घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धांची लहानशी मूर्ती, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक दिवाण. आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि ते चित्र. चित्र एवढं मोठं की ती भिंत संपूर्ण त्याचीच. फ्रेमच्या कडेला अडून कपाटाचं एक दार पूर्ण उघडायचंच नाही, त्यामुळे सिस्टर साड्या तिरपा हात घालून काढायच्या. फ्रेमचा एक कोपरा निखळला होता, त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी. चित्र तैलरंगातलं. पुढे वावर, नुकतं नांगरलेलं. उजवीकडे विहीर आणि मोट. एक मोठा आंबा, त्याची सावली विहिरीवर पडलेली. मागे सप्तशृंगीकडच्या डोंगरांची रांग, उन्हाने निळी-करडी झालेली. माणूस एकही नाही. बैलसुद्धा नाहीत. दुपारची वेळ आहे, सगळे जेवायला गेले आहेत, असं वाटायचं.

सिस्टर दर रविवारी जखमेवर बांधतात त्या पातळ कापडाने ते चित्र पुसायच्या. पाणी नाही, ओला बोळा नाही, नुसतं कोरडं कापड, हलक्या हाताने, वरून खाली. त्यानंतर पलंगावर उशीला टेकून चहा प्यायच्या आणि चित्राकडे बघत राहायच्या. त्या वेळेला त्यांच्याकडे कोणी गेलं तर त्या बोलायच्या, पण मान वळवायच्या नाहीत.

भिशीच्या बायका एकदा त्यांच्याकडे जमल्या होत्या. 'बीपी'ने चित्राकडे पाहून विचारलं, "सिस्टर, एवढं मोठं लावलंय, पण ह्यात ना देव, ना माणूस. बघता तरी काय?"

"म्हणून तर लावलंय," सिस्टर म्हणाल्या. "ह्यात कोणाची सेवा करावी लागत नाही."

बायका हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

ते चित्र त्यांच्याकडे आलं कसं, हे कॉलनीत सगळ्यांना ढोबळ माहीत होतं. निवृत्तीनंतर सिस्टर गंगापूर रोडच्या एका बंगल्यात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला जात. त्यांना सगळे माई म्हणत. माईंचे यजमान मोठे सरकारी अधिकारी होते, ते जाऊन बराच काळ लोटला होता. मुलं पुण्याला. चित्र बंगल्याच्या दिवाणखान्यात होतं. माई अंथरुणाला खिळल्यावर सिस्टरांनी त्यांचा पलंगच दिवाणखान्यात हलवला, म्हणजे पडल्या पडल्या काहीतरी दिसेल. दोघी तेच बघत बसायच्या. शेवटी शेवटी माई म्हणाल्या, हे तू घेऊन जा, मुलांना तिथे टीव्ही लावायचाय. माई गेल्या, बंगला पाडून तिथे अपार्टमेंट झालं, आणि चित्र सातपूरला आलं.

मग एका शनिवारी दुपारी एक तरुण दारात उभा राहिला. निखिल, माईंचा नातू. पुण्यात नोकरी करणारा, स्वच्छ शर्ट, मोठी गाडी. सिस्टरांनी मला खाली बोलावलं. "पित्त, ये गं. पाहुणा आलाय, चहा तू कर, माझा गोड होतो."

मी आत चहा टाकला आणि बाहेरचं बोलणं ऐकत राहिले. निखिल आधी आजीबद्दल बोलला, मग सिस्टरांच्या तब्येतीबद्दल, मग चित्रावर आला. त्याच्याकडे माईंचा एक जुना फोटो होता, मागे हे चित्र. पुण्यात चित्रांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका माणसाने तो फोटो पाहिला आणि चित्राच्या कोपऱ्यातली सही ओळखली. हे चित्रकार कळवणचे एक शाळामास्तर. हयातीत त्यांना कोणी विचारलं नाही, आता त्यांची चित्रं शोधत लोक फिरतात.

"म्हणजे तसं ते आमच्या घरातलंच आहे ना," निखिल म्हणाला. "आजीची तब्येत तेव्हा... म्हणजे तिला शेवटी फारसं कळत नव्हतं, असं बाबा म्हणतात. त्यामुळे ते नेमकं कसं इकडे आलं..."

मी चहा घेऊन बाहेर आले. सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"चोरी म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हण," त्या म्हणाल्या. "बारीक आवाजात म्हणतोयस म्हणजे तुलाच पटत नाहीये."

निखिलचा चेहरा उतरला. "तसं नाही म्हणायचं मला, सिस्टर."

"तुझ्या बाबांना फोन लाव. आवाज मोठा कर."

त्याने फोन लावला. त्याचे वडील सिस्टरांचा आवाज ऐकून आधी चपापले, मग खूश झाले. सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, "दादासाहेब, माईंचं चित्र टेम्पोत कोणी चढवलं होतं?"

"मीच की. मी आणि तुम्ही. दोरी मी बांधली, तुम्ही म्हणालात सैल आहे, परत बांधली. का हो?"

निखिलने फोन बंद केला. चहा प्यायला. मला वाटलं प्रकरण संपलं. तोही उठायच्या बेतात होता. पण सिस्टरच म्हणाल्या, "बस. तो पुण्याचा माणूस आणखी काय म्हणाला?"

"तो म्हणाला, चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं, पहिल्यापासून ते सगळं सांगता यायला हवं. त्याशिवाय कोणी हात लावत नाही."

सिस्टर बोटांवर मोजायला लागल्या. "माझ्याकडे माईंकडून आलं. माईंकडे साहेबांकडून. साहेबांना कळवणला असताना एका मास्तरांनी भेट दिलं, असं माई म्हणायच्या. बरोबर?"

"हो. आम्ही पण तसंच ऐकलंय."

"मास्तरांच्या घरी कोणी विचारलंय?"

कोणी विचारलं नव्हतं. विकायचं सिस्टरांच्या मनातही नव्हतं, पण गोष्ट अर्धी ऐकून त्यांना चालत नसे. दवाखान्यातही त्या म्हणे पेशंटला "कधीपासून?" असं विचारून थांबत नसत, "त्याच्या आधी?" असंही विचारत. पुढच्याच रविवारी निखिलच्या गाडीतून आम्ही तिघं कळवणला निघालो. सिस्टर पुढे, मी मागे. दिंडोरी, वणी करत वाट डोंगरांकडे वळली, तशा सिस्टर काचेतून चित्रातली रांग शोधायला लागल्या. दर वळणावर म्हणायच्या, "ही नाही."

मास्तरांचं घर शोधायला वेळ लागला नाही. कळवणच्या बाहेर, वस्तीवर. मास्तर कधीच वारलेले. त्यांची मुलगी जिजाआक्का तिथे राहते, सासर त्याच गावातलं, नवरा गेल्यावर ती वडिलांच्या जागेवरच घर बांधून राहिली. सत्तरीच्या पुढची, उंच, डोक्यावर पदर. तिचा मुलगा कांद्याच्या व्यापारात आहे, त्याने आम्हाला पडवीत बसवलं. निखिलने मोबाईलवर चित्राचा फोटो उघडून तिच्यापुढे धरला.

तिने मोबाईल हातात घेतला नाही. वाकून पाहिलं. मग अहिराणीत म्हणाली, "हाई आमनं वावर शे." हे आमचं वावर आहे.

कोणी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "हाउ आंबा मन्ही आजीनी लायेल." आंबा तिच्या आजीने लावलेला. आणि हात करून तिने पडवीसमोरचं रान दाखवलं. आंबा आता नव्हता. विहिरीवर मोटर होती, डाळिंबाच्या ओळी होत्या. पण मागची डोंगरांची रांग तीच, तेच दोन सुळके, मधली तीच खाच. सिस्टर उठून पडवीच्या कडेपर्यंत गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आजोबांना भेट दिलं होतं ना हे, मास्तरांनी?" निखिलने विचारलं.

जिजाआक्का आमच्यासाठी जरा सावकाश, आम्हाला कळेल असं मराठी बोलायला लागली. "भेट? सायेब इथं आले व्हते. दादांनी, माझ्या वडलांनी, हे घरासाठी काढलं व्हतं, माझ्या आईसाठी. आई तवा आजारी, बाहेर निघायची नाय. तिला आतूनच वावर दिसावं म्हनून तिच्या खाटेसमोर लावलं व्हतं. सायबांनी बघितलं. म्हनले, मास्तर, लय चांगलं हाय. दुसऱ्या दिवशी शिपाई जीप घेऊन आला. सायबांनी चित्र मागितलंय म्हनला."

"मग मास्तरांनी दिलं?"

"नाय कसं म्हननार? सरकारी नोकरी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "दादांनी सोताच्या हातानं उतरवलं. आई म्हनली, दुसरं काढा. त्यांनी दुसरी लय काढली. हे नाय काढलं परत."

"आई?" सिस्टरांनी विचारलं.

"त्याच उन्हाळ्यात गेली."

निखिलने मोबाईल खिशात ठेवला. त्याचे आजोबा वाईट माणूस नव्हते, असं तो नंतर गाडीत म्हणाला. त्यांना बहुधा कळलंच नसेल की मास्तर नाही म्हणू शकत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "नसेल कळलं. माईंनाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं."

पुढचा सगळा आठवडा त्यांनी रोज चित्र पुसलं. मी एकदा खाली गेले तर पलंगावर नव्हत्या बसलेल्या, चित्रासमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मला वाटायचं हे रिकामं आहे. माणूस नाही, कोणी नाही. आणि ते तर आजारी बाईसाठीच काढलेलं निघालं." मग म्हणाल्या, "एक आजारी बाई तिथे. मग माई. दोघींनी पडून पडून बघितलं."

"आणि तुम्ही, सिस्टर."

"मी कुठे आजारी आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "निखिलला फोन लाव. म्हणावं गाडी घेऊन ये. त्याची नाही चालणार, पिकअप लागेल."

निखिल आला. पिकअप भाड्याने ठरवून आला, पण दारातच म्हणाला, "सिस्टर, मी काय सांगतो ऐका. मला नको ते चित्र. पण तुम्ही देऊ नका. आजीने तुम्हाला दिलंय. तुम्ही काहीच घेतलेलं नाही कोणाचं."

"मी कुठे म्हणते घेतलं? मला दिलं ते खरंच दिलं. पण देणाऱ्याचं होतं का, ते बघायला नको?"

"इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?"

"जिजाआक्काला विचारू," सिस्टर म्हणाल्या. "त्या बाजूने धर. नाही, फ्रेमला नको धरू, खाली हात घाल. पेशंट उचलतात तसं."

चादरी गुंडाळून चित्र पिकअपमध्ये उभं केलं. मागे हौद्यात चित्राशेजारी निखिल बसला, त्याला धरून. स्वच्छ शर्टाची वाट लागली. मी आणि सिस्टर ड्रायव्हरजवळ.

जिजाआक्काने आधी नको म्हटलं. घरात जागा नाही, भिंतीला खिळा धरत नाही, पोरं क्रिकेट खेळतात. तिचा मुलगा मात्र सगळ्यांना चहा देता देता निखिलला बाजूला घेऊन पुण्याच्या त्या माणसाची चौकशी करू लागला. ते जिजाआक्काने ऐकलं. "मी गेल्यावर काय करायचं ते करा," ती मुलाला म्हणाली, आणि त्यानंतर तिचं 'नको' बंद झालं. तिने चादर स्वतः सोडली. चित्र पूर्ण उघडं झाल्यावर ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि चिकटपट्टी लावलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे कोनी?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. "निघून येत होतं."

जिजाआक्काने मान हलवली. बस, तेवढंच. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही, कोणी आभार मानले नाहीत. तिने आम्हाला जेवायला वाढलं, बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे तिच्या हाताची नाडी बघितली, आणि मीठ कमी खायला सांगितलं.

येताना वणीच्या अलीकडे सिस्टर ड्रायव्हरला म्हणाल्या, "थांबव जरा. मला गाडी लागली." त्या उतरून रस्त्याकडेच्या बाभळीमागे गेल्या. सिस्टरांना गाडी लागल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाण्याची बाटली घेऊन मागे गेले, तर त्या पाठ करून उभ्या होत्या आणि पदराने चेहरा पुसत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, बसता का?" माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथे कुठे बसू, काटे आहेत." मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि गाडीकडे परत आले.

घरी कपाटाचं दार आता पूर्ण उघडायचं. रविवारी चहाच्या वेळी सिस्टर बाहेरच्या खोलीत बसायला लागल्या. कॉलनीतल्या बायकांनी विचारलं, चित्र कुठे गेलं? त्या म्हणायच्या, "घरी गेलं." त्यांच्या भाचीने ओझरहून येऊन त्यांना एक कॅलेंडर दिलं, हिरवीगार दरी आणि धबधबा. ते त्यांनी 'डाव्या गुडघ्या'ला देऊन टाकलं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता जिजाआक्काचा फोन आला. दोघींचे अधूनमधून फोन चालू असत, बहुतेक औषधांबद्दल. बोलता बोलता तिने सांगितलं की भिंतीला ओल आली म्हणून चित्र काढून पलंगाखाली सरकवलंय.

"पलंगाखाली!" सिस्टर एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मला वर ऐकू आलं. मी धावत खाली गेले. त्या फोनवर बजावत होत्या, खाली ओल जास्त, उंदीर कुरतडतील, आधी बाहेर काढ. पलीकडून जिजाआक्का काहीतरी शांतपणे बोलत होती. सिस्टर ऐकत गेल्या आणि त्यांचा आवाज उतरत गेला. शेवटी म्हणाल्या, "हो. तुझं आहे. तू ठेव कसं ठेवायचं ते." फोन ठेवला. मला म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. दिलं म्हणजे दिलं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कळवणला गेल्या. "नुसती भिंत बघून येते," म्हणाल्या. सोबत पिशवीत जाड प्लास्टिक आणि चार दिवसांचे कपडे.

त्याच आठवड्यात मला ऑफिसच्या कामाला कळवणला जायचं होतं. काम उरकलं आणि म्हटलं, बघून जावं, सिस्टर येत असतील तर बरोबर घेऊन यावं. मी गेले तेव्हा दुपार होती. सिस्टरांना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. तिथून मी एकटीच परत आले, लगेच माझी जळगावला बदली झाली, आणि त्या गेल्याचं मला ओझरच्या भाचीने फोनवर कळवलं.

पडवीत सावलीला खाट टाकली होती. तिच्यावर चित्र टेकवून वाळत ठेवलं होतं, तोंड रानाकडे करून. शेजारी घोंगडीवर दोघी बसल्या होत्या. कोंबड्या चित्रावर उडी मारायला बघत होत्या, म्हणून राखणीला सिस्टरांच्या हातात एक लांब काठी. जिजाआक्का बोट करून त्यांना काहीतरी सांगत होती, बैल कुठे बांधायचे, भाकरी कुठे बसून खायची. सिस्टर ऐकत नव्हत्या. त्यांना बसल्या बसल्या झोप लागली होती, मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं. मी पायरीशी थांबले.

एक कोंबडी खाटेच्या कडेवर चढली. जिजाआक्काने सिस्टरांच्या मुठीतून काठी अलगद सोडवून घेतली, कोंबडी हाकलली आणि काठी पुन्हा त्यांच्या हातात, होती तशी ठेवून दिली.